पाचवीची खोली

आता तुम्ही परभणीत उतरलात आणि रिक्षावाल्याला नुसतं "मोठ्या दवाखान्यात चल" म्हणालात, तरी तो बरोबर आणून सोडतो. पाच मजले आहेत, समोरून सगळी काच, दारात टोपीवाला शिपाई. आत शिरलं की गार वारा अंगावर येतो आणि नवी माणसं चपला काढाव्यात का नको म्हणून दारातच घुटमळतात. या दवाखान्याचा इतिहास सांगणारे लय जण आहेत. उद्घाटनाला स्टेजवरून सांगितला, फोटोंचं एक पुस्तक छापून पाहुण्यांना वाटलं. सगळं खरंच सांगितलं, खोटं काही नाही. फक्त त्यात एक खोली राहिली. ती मी सांगते.

माझं शिक्षण म्हणाल तर ते दवाखान्यातच झालं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. भिंतीवरच्या पाट्या आणि औषधाच्या खोक्यांवरची नावं बघून बघून अक्षरं जुळवली. 'शांतता राखा' ही मी वाचलेली पहिली ओळ. ती तेवढी मला कधी पाळता आली नाही.

आम्ही पिंगळीकडचे. मालक मोंढ्यात हमालीला लागले म्हणून परभणीत येऊन राहिलो. त्याच सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर नवरा-बायको आले आणि दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी दवाखाना टाकला. आधी तिथं मिरच्यांचं गोदाम होतं. चुना मारला, फिनेल ओतलं, तरी मिरचीचा ठसका काही वर्षभर जाईना. पेशंट खोकला घेऊन यायचा आणि शिंका घेऊन जायचा. मी झाडलोटीला लागले. डॉक्टरसाहेब तापाचं, पोटाचं बघायचे आणि डॉक्टरीणबाई बायकांचं. मी त्यांना ताई म्हणायची. त्या मला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणाल्या, वयानं माझ्या बरोबरीच्या असून.

साहेबांचं बरं चाललं. आमच्याकडं माणसाला सलाईनचा लय भरोसा. "एक बाटली लावा साहेब, अंगात जीव न्हाई," म्हणत बाप्ये यायचे. ताईंच्या खोलीत मात्र बाया येत नव्हत्या. बाळंतपण घरात व्हायचं, सुईण करायची. अगदीच अडलं, तोंड पांढरं पडलं की मग जीपमध्ये घालून आणायचे. ताईंच्या हाताला यश होतं, त्या दोघांनाही वाचवायच्या. पण खरी कटकट पुढंच होती.

सिझर झालेली बाई आठ दिवस तरी हलवायची नाही. आणि आमच्यात पाचव्या दिवशी पाचवी. त्या दिवशी दिवेलागणीला पाटा-वरवंटा पुजायचा, कणकेचे दिवे लावायचे, घुगऱ्यांचा निवद दाखवायचा, बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि लेकराचं नशीब लिहून जाते. पाचवी चुकली तर कपाळ कोरं राहिलं. म्हणून चौथ्या दिवशी सासवा गाठोडी बांधायला लागायच्या.

बोरीची एक सासू मला अजून दिसते. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू. ताई तिला समजावत होत्या.

"आई, टाके ओले आहेत. सुनेला आता गाडीत घालू नका."

"उद्या पाचवी हाय माय. तुमच्या ह्या दवाखान्यात पाटा हाय का?"

"नाही."

"वरवंटा?"

"नाही हो."

"मग सटवाईनं येऊन बसावं कुठं? तुमच्या टेबलावर?"

नेली सून. तेव्हाचे ते बोरीचे रस्ते, ते खड्डे. काही दिवसांनी तीच सून टाके उसवून, अंगात ताप घेऊन परत आली. ताईंनी तिला वाचवली, पण त्यात त्यांचं तोंड उतरून गेलं. मागच्या खोलीत बाटल्यांच्या खोक्यावर बसून त्या रडत होत्या.

"आक्का, मी नीट शिवलं होतं हो. यांना काय सांगू म्हणजे या थांबतील?"

मी म्हणाले, "ताई, त्यांना काय सांगू नका. पाटाच इकडं आणू."

त्या डोळे पुसायच्या थांबल्या. त्यांनी विचार केला तो डॉक्टरचाच. "धूर नको. बाळाच्या अंगावर हळद-कुंकू काही टाकायचं नाही. बाळाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. एवढं कराल?"

"एवढं सटवाईलाबी चालंल."

साहेब चिडले. "हा दवाखाना आहे का सटवाईचं ठाणं?" ताई म्हणाल्या, "ठाणं म्हणा हवं तर. बायका आठ दिवस राहतील ना." मग साहेब गप्प बसले. त्यांना बायकोचं पटलं की ते असेच गप्प बसायचे.

मी घरचा पाटा-वरवंटा आणला. माझ्या सासूचा होता, झिजून मधी खोलगट झालेला. मागच्या खोलीतली खोकी हलवली, जमीन सारवता येईना म्हणून पुसून घेतली, आणि पहिली पाचवी तिथं झाली. कागदाजवळ ठेवायला लेखणी नव्हती, तर ताईंनी खिशातला स्वतःचा पेन काढून ठेवला. बाळाची आजी काय खूश झाली! म्हणाली, "आता बघा, आमच्या पोराचं नशीब सटवाई इंग्रजीत लिवती."

या एका गोष्टीनं तो दवाखाना वर आला. मी मोठेपणा सांगत नाही. ताईंचा हात होता, त्यांची विद्या होती, साहेबांचे कष्ट होते. त्याशिवाय नुसत्या पाट्यानं काय होतंय? पण बाईमाणूस आठ दिवस राहायला लागलं, बरं होऊन घरी जायला लागलं, आणि गावोगाव खबर गेली. मानवतच्या एसटीतून उतरलेली बाई स्टँडवर विचारायची, "पाचवी पुजतात तो दवाखाना कंचा?" पाटीवर नाव वेगळंच होतं, डॉक्टरांच्या वडिलांचं. ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. आमच्या मागच्या मोहल्ल्यातल्या बायाही यायला लागल्या. त्यांची छटी, सहाव्या दिवशी. खोली एकच. आज आमच्या घुगऱ्या, उद्या त्यांची खीर. पाटा भिंतीला उभा करून ठेवला की झालं. एक खाला मला म्हणायची, "तुमारी सटवाई रात को सफा करके जाती क्या? कमरा एकदम साफ है." मी म्हणाले, "सटवाई कशाची, मीच पुसते."

पुढं डॉक्टरांनी गावाबाहेर जागा घेतली. तेव्हा ती गावाबाहेर होती, आता गाव तिच्या पार पुढं गेलंय. तिथं कौलाची नाही, चांगली स्लॅबची इमारत झाली. ऑपरेशनची खोली वेगळी, बाळंतिणींची वेगळी. मागच्या बाजूला पेशंटच्या माणसांना चुली मांडायला शेड. आणि शेडच्या शेजारी पाचवीची खोली, मुद्दाम बांधलेली, तिला खिडकी, हात धुवायला नळ. मग सोनोग्राफीचं मशीन आलं. मग रक्त-लघवी तपासायची खोली आली, औषधाचं दुकान आलं. दरवेळी काहीतरी पाडायचे, काहीतरी वाढवायचे. खोली कधी इकडं सरकायची कधी तिकडं, पण असायची. एकदा तर एक्स-रेच्या मशीनला जागा पुरेना, तेव्हा ताईंनी स्वतःची बसायची खोली अर्धी दिली आणि पाचवीच्या खोलीला हात लावू दिला नाही. म्हणजे बघा.

ताईंचा मुलगा झाला तोही तिथंच. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"आक्का, आमच्याही बाळाची पाचवी करा."

मी विचारलं, "ताई, तुमचा इश्वास हाय?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या हातानं करा."

मला त्या उत्तराचं इतकं बरं वाटलं. विश्वास ठेवून सगळेच करतात. विश्वास नसताना माझ्या हातानं करा म्हणणारी ती एकच. मी मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू खुळी हाईस. डॉक्टर लोकांना बोलायला शिकवलेलं असतंय." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

असं करत करत माझे गुडघे गेले. काम सोडलं. मालकही गेले. पण आम्ही पुढं नव्या जागेजवळच घर केलं होतं, त्यामुळं येणं-जाणं होतं. गावाकडच्या बाया मला फोन करायच्या, "आमची पोर आणायलोय, तुमी हाईत का तिथं?" मी काठी टेकत जायची, त्यांना बसवायची, ताईंशी गाठ घालून द्यायची. कुणी म्हणायचे, मला त्यात काही मिळतं. नव्हतं मिळत. मला ताईंच्या दारातून न विचारता आत जाता येत होतं, तेवढं मला पुष्कळ होतं.

ताईंचा मुलगा शिकून आला, मोठा सर्जन होऊन. त्यानं पाच मजल्यांचं काढलं. मशिनी, अतिदक्षता, सगळे डॉक्टर एका छताखाली. कर्ज काढलं असणार, मला कुणी सांगितलं नाही, पण साहेबांचा चेहरा सांगत होता. जुनी अर्धी इमारत पाडली आणि अर्ध्यात दवाखाना चालू ठेवला. धूळ काय, आवाज काय! बाळंतीण झोपलीय आणि पलीकडं भिंत कोसळतेय. आणि नेमकं त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडं दुसऱ्या डॉक्टरांचा नवा कोरा दवाखाना उघडला. तिथं रंगीत पडदे होते. बाया तिकडं वळायला लागल्या.

एक दिवस ताईंनी मला गाडी पाठवून बोलावलं. दुपारचं ऊन होतं. मागच्या मोकळ्या जागेवर मिस्त्रीनं चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या होत्या, नव्या इमारतीच्या भिंती कुठं येणार त्याच्या. ताईंनी माझा हात धरून मला त्या रेघांमधून चालवलं, जिना कुठं, लिफ्ट कुठं ते दाखवत. कोपऱ्यात एक चौकोन होता. तिथं त्या थांबल्या.

"ही तुमची खोली, आक्का."

मी रेघ न मोडता पाय उचलून आत गेले. खोलीत शिरतात तशीच. "लय मोठी हाय हो ताई. दोन बाळंतिणी बसतील एकदम."

"मोठीच पाहिजे. आता पेशंट किती वाढतील."

"नळ?"

"नळ इकडं," त्यांनी बोटानं दाखवलं. मग म्हणाल्या, "आक्का, तोवर बायकांना जरा सांगा. धूळ सहा-आठ महिन्यांची आहे. तुमचं ऐकतात त्या. आणि तो पाटा आता घरी नेऊन ठेवा, इथं मजुरांच्या पायात फुटेल. नवी खोली झाली की आणू."

मी पाटा रिक्षात घालून घरी नेला, आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडले. गुडघ्याला पट्टी बांधून एसटीनं फिरले. बोरीला गेले, मानवतला गेले, पिंगळीच्या आमच्या भावकीत गेले. कुणाकडं हळदीकुंकू, कुणाकडं डोहाळजेवण, जिथं चार बाया तिथं मी. "धुळीला भिऊ नका," म्हणायची. "सध्या पाटा त्या दिवसापुरता आणून पाचवी वॉर्डातच पडदा लावून करतो. पण नव्या दवाखान्यात खोली व्हायलीय, मी स्वतः आत उभी राहून आलेय." लोक हसायचे. बोरीला माझी नणंद दिलेली आहे, तिची जीभ म्हणजे विळा. ती म्हणाली, "वैनी, तुमच्या नावाचा खांब रोवलाय का त्या दवाखान्यात? एवढं कोण कुणासाठी फिरतंय?"

"खांब न्हाई, खोली हाय," मी म्हणाले.

"बगू. माजी नात पोटुशी हाय. तुमच्याच भरवशावर आणते. न्हाई निघाली खोली, तर तुमच्या पदराला धरीन."

बाया राहिल्या. माझ्या एकटीमुळं राहिल्या असं नाही म्हणत, पण राहिल्या. वॉर्ड रिकामा पडला नाही. समोरचे डॉक्टर कुणाकडून तरी मला निरोप पाठवत होते, एकदा येऊन भेटा म्हणून. मी गेले नाही. आपलं घर बांधायला काढलंय आणि शेजारच्याकडं चहाला जायचं, असं कुणी करतं का?

उद्घाटन झालं. मंडप, मंत्री, सनई. मला तिसऱ्या रांगेत खुर्ची होती. ताईंच्या मुलानं भाषण केलं, दोन खोल्यांपासूनचं सगळं सांगितलं. मिरच्यांच्या गोदामाचा किस्सा सांगितला, लोक हसले. 'ग्रामीण महिलांनी दाखवलेला विश्वास' असंही म्हणाला. मी शेजारच्या बाईला म्हणाले, "आता खोलीचं सांगंल." तेवढ्यात टाळ्या झाल्या आणि तो बसला.

जेवणं चालू होती तेव्हा मी मागं जाऊन आले. त्या कोपऱ्यात जाळीचं दार होतं आणि आत मोठ्या उभ्या टाक्या. ऑक्सिजनच्या, तिथल्या माणसानं सांगितलं. मला वाटलं, आपणच कोपरा चुकलो. म्हातारपणी दिशा कळत नाहीत. मग वाटलं, वरच्या मजल्यावर नेली असेल. लिफ्ट आहे ना आता. ताई पाहुण्यांत होत्या, त्यांना तिथं कुठं विचारायचं? आणि खरं सांगायचं तर मी पुढंही विचारलं नाही. तीन-चारदा गेले, बसले, चहा घेतला, परत आले. त्याही बोलल्या नाहीत. त्या चांगल्या कपात चहा द्यायच्या, गुडघ्यांचं विचारायच्या.

मग नणंदेची नात आली. पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. सिझर झालं. मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची. पाचव्या दिवशी दुपारी नणंद बोरीहून ताट घेऊन आली. घुगऱ्या, कणकेचे दिवे, खण, सगळं रुमालानं झाकून. शिपायानं तिला खालीच अडवलं. डबा-ताट वर न्यायचं नाही. तिनं मला फोन केला, मी धावत, म्हणजे माझ्यानं जमेल तशी, गेले. नणंद लिफ्टच्या शेजारच्या पायरीवर बसली होती, ताट मांडीवर.

"या, खोलीवाल्या," ती म्हणाली. "कुठं हाय दावा. आमाला पायरीवर बसवलंय."

"थांबा जरा. ताईंना विचारून येते."

"इचारून? तुमी तर आत उभ्या राहून आला व्हता ना?"

ताईंच्या दालनाबाहेर आता एक मुलगी बसते. म्हणाली, "आजी, नंबर घेतला का?" मी म्हणाले, "मी पेशंट न्हाई माय." ती म्हणाली, "मग अपॉइंटमेंट?" एवढ्यात दार उघडून ताईच बाहेर डोकावल्या आणि मला आत नेलं.

"बसा आक्का. चहा सांगू?"

"चहा नको. खाली बाई ताट घेऊन बसलीय. खोली कुठं हाय ताई?"

त्यांनी चष्मा काढला. काढून तो पुसत बसल्या.

"आक्का, आता तसं नाही करता येत. तपासणीला वरून माणसं येतात. दिवा लावायचा नाही, बाहेरचं अन्न आणायचं नाही. भिंतींतून ऑक्सिजन फिरतोय. एक ठिणगी पडली तर?"

"ते बरोबर असंल. मला त्यातलं कळत न्हाई," मी म्हणाले. आणि खरंच मला ते बरोबर वाटत होतं. "पण तुमी मला रेघ दावली व्हती. नळ कुठं ते दावलं व्हतं. मागून बदललं का?"

त्या हो म्हणाल्या असत्या तर मी उठून घरी गेले असते. शपथेवर सांगते. मागून बदललं, सरकारी नियम आला, मुलानं ऐकलं नाही, काहीही चाललं असतं मला. पण ताई आयुष्यात कधी पेशंटशी खोटं बोलल्या नाहीत, तोंडावर विचारलं तर त्यांना येतच नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाच ठरलं होतं. तिथं टाक्याच यायच्या होत्या."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"तेव्हा तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बायकांना काय सांगितलं असतं? त्या समोर गेल्या असत्या. दोन महिने जरी वॉर्ड रिकामा राहिला असता तर काम बंद पडलं असतं, आक्का. सगळं गेलं असतं. हे घडीभराचं होतं. मला वाटलं, इमारत झाल्यावर तुम्ही समजून घ्याल."

"मग झाल्यावर का न्हाई सांगितलं?"

त्या परत चष्मा पुसायला लागल्या. बाहेर ती मुलगी कुणाचातरी नंबर पुकारत होती.

त्या चौकोनात उभी राहून मी नळाचं विचारलं होतं. तेव्हा त्यांनी बोट दाखवलं. ते बोट दाखवायची काय गरज होती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. खोली होणार नाही असं त्या साधं म्हणाल्या असत्या, तर मी भांडले असते, रुसले असते, दोन दिवस आले नसते. आणि तिसऱ्या दिवशी एसटीत बसून हेच सांगायला गेले असते, की बायांनो, काळ बदलला, पाचवी घरी पुजा, बाळंतीण मात्र दवाखान्यात राहू द्या. मी सांगितलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं. इतक्या वर्षांत ताईंना एवढी माहीत नव्हते का मी? बाया आणणारी म्हणून मी त्यांना पक्की माहीत होते, आक्का म्हणून नव्हते. उठताना गुडघा अडकला तर त्या हात द्यायला पुढं आल्या. मी टेबलाला धरून उठले.

खाली नणंद तशीच बसली होती.

"मग?"

"खोली न्हाई."

"म्हंजी अजून बांधली न्हाई?"

"बांधायचीच नव्हती."

मला वाटलं आता तिची जीभ सुटेल. तिनं नुसता ताटावरचा रुमाल सारखा केला. मला तिच्या शिव्या चालल्या असत्या. मग तिनं पदर खोचला आणि उठली. "पोरीला घेऊन चालले मी."

"वन्सं, टाके ओले हायत."

"टाक्याचं टाके बघतील. लेकराचं कपाळ कोरं ठेवू का?"

मी किती विनवलं. पोर खाटेवर कण्हत होती, तिचीही जायची तयारी. नणंदेच्या मुलानं कागदावर सही केली, आमच्या जबाबदारीवर नेतो म्हणून. शेवटी मी एवढंच पदरात पाडून घेतलं, की बोरीला नको, माझ्या घरी चला, जवळ आहे. रिक्षावाल्याला म्हणाले, "बाबा, पायी चालल्यावाणी ने." तरी दर खड्ड्याला ती पोर माझा हात आवळायची.

पाचवी झाली. माझ्या घरात, माझ्या पाट्यावर. मी दिवे लावले, कागद ठेवला. मन मात्र तिथं नव्हतं. आयुष्यभर पुजलेली पाचवी त्या दिवशी मला नुसती उरकावी लागली.

दोन दिवसांनी पोरीला ताप भरला. टाक्यातून पाणी यायला लागलं. परत त्याच दारात नेलं, दुसरीकडं न्यायचं माझ्या मनातही आलं नाही. ताईंनी स्वतः धुतलं, औषधं बदलली, रोज दोनदा खाली येऊन बघितलं. पोर बरी झाली. उगाच कुणाच्या विद्येला नावं ठेवू नयेत. त्या पोरीच्या खाटेजवळ एकदा आम्ही दोघीच होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आक्का, मला सांगायचं होतं. रोज वाटायचं."

मी म्हणाले, "मॅडम, पोरीचं बघा."

हात त्यांनी हळूच काढून घेतला. एवढ्या वर्षांत मी त्यांना मॅडम म्हणाले नव्हते. दालनाबाहेरची ती मुलगी म्हणते, शिपाई म्हणतो, सगळा दवाखाना म्हणतो. मीही म्हणाले.

त्यानंतर मी गेले नाही. त्यांची गाडी एकदा येऊन गेली, दिवाळीचा फराळ घेऊन. डबा मी ठेवून घेतला, आलेलं अन्न परत करत नाही मी. धुऊन ड्रायव्हरकडं दिला. बोरीला जाणं मात्र बंद झालं. नणंद काही म्हणत नाही, उलट बोलावते. पण तिथं चार बायांत बसले की कुणीतरी सहज म्हणतं, "ह्या सांगायच्या की, आत उभी राहून आले म्हणून," आणि मग सगळ्या घाईघाईनं दुसरं काहीतरी बोलायला लागतात. त्यांची घाई मला सोसत नाही.

फोन अजून येतात. परवा मानवतकडून एक बाई बोलत होती. सून नवव्या महिन्यात होती.

"मावशी, त्या दवाखान्यात आणावं का?"

"दवाखाना चांगला हाय. डॉक्टरीण चांगली हाय."

"आणि पाचवी पुजतात ना तिथं?"

"न्हाई."

"आमाला तर सगळे म्हणायलेत की पुजतात. तुमीच सांगितलं म्हणून."

"मीच सांगितलं व्हतं. न्हाई पुजत."

पाठीमागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. "मग मावशी, कुठं आणावं ते तरी सांगा. तुमी म्हणाल तिथं आणतो."

"तुमचं तुमी ठरवा माय," मी म्हणाले. "मी आता कुणाला कुठं जा म्हणत न्हाई."